देवाला डोळे बसेपर्यंत

दौलतीनं डोळ्यांवर पटका बांधला आणि हातात कुऱ्हाड घेऊन तो वाकून गाभाऱ्यात शिरला, तेव्हा मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते. श्वास नाकातल्या नाकात घेत होते. माझ्या मागे माझा भाऊ म्हसू होता आणि म्हसूच्या मागे भैरोबा, अर्धाच शेंदूर लागलेला. त्याचे चांदीचे डोळे अजून ताटात पडलेले होते.

आम्ही धामणखिंडीचे गुरव. आमचा भैरोबा म्हणजे घडीव मूर्ती नव्हे, जमिनीतून वर आलेला तांदळा आहे, नुसता गोटा. त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावायचा. पिढ्यानपिढ्या थरावर थर चढतो, देव फुगत जातो आणि कधीतरी तो सगळा थर आपोआप सुटून खाली येतो. देवानं खोळ टाकली, असं आमच्याकडे म्हणतात. माझ्या आजोबांच्या वेळी एकदा टाकली होती, त्यानंतर त्या श्रावणात. खोळ पडली की गाभारा बंद. गुरवानं उपाशीपोटी, ओल्या धोतरानं, तोंडातून शब्द न काढता नवा शेंदूर चढवायचा. एक हात वाळला की दुसरा. शेवटी चांदीचे डोळे बसवायचे आणि मगच दार उघडायचं. तोवर गुरवाशिवाय कुणी देवाला बघायचं नाही. बिनडोळ्यांच्या देवाला जो बघेल त्याचे डोळे देव काढून घेतो, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं. आणि ही गोष्ट गावात पसरवली कुणी? आम्हीच, गुरवांनी. दुसऱ्या कुणाला काय पडलं होतं.

म्हसू माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता, मीच त्याला वाढवला. माझं लग्न झालं आणि दोन वर्षांत मी पांढरं कपाळ घेऊन परत आले, ती पुन्हा त्यालाच रांधून घालायला. जगात माझं म्हणून तेवढंच होतं.

खोळ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदाला पान लागलं. साप चावला असं आमच्याकडे तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. आनंदा हैबती आबांचा धाकटा मुलगा, मिसरूड नुकतं फुटलेलं. भुईमुगात तण काढायची भांगलण चालली होती, तिथं पायाला डसलं. त्याचा थोरला भाऊ दौलत, कुस्तीच्या फडात भल्याभल्यांना आडवं करणारा गडी, त्याला खांद्यावर घालून पळतच देवळात आला. पान लागलेल्या माणसाला भैरोबाच्या उंबऱ्यावर निजवायचं, देवाच्या अंघोळीचं तीर्थ पाजायचं, कडुनिंबाचा पाला चावायला द्यायचा, ही आमची रीत. भैरोबाच्या दारात पान लागून माणूस मरत नाही, अशी पंचक्रोशीत ख्याती होती.

मी सभामंडपात दाराशी राखण बसले होते. दौलत म्हणाला, दार उघडायला सांग. मी म्हटलं, देव उघडा आहे, अंघोळ नाही की तीर्थ नाही, तू गाडी जुंप आणि याला तालुक्याच्या दवाखान्यात ने, तिथं सापाची सुई आहे. दौलतीला ते पटलं. त्यानं आनंदाला पुन्हा उचललंसुद्धा. तेवढ्यात हैबती आबा धापा टाकत पायऱ्या चढून आले.

आबा देवाचे पहिले मानकरी. पालखीचा पुढचा दांडा त्यांचा, आणि गावात शेवटचा शब्दही त्यांचाच. घरात तर त्यांच्यापुढं कुणी वर मान केलेली मी कधी पाहिली नाही. त्यांनी मुलाकडं बघितलं, बंद दाराकडं बघितलं आणि म्हणाले,

"दार उघडायचं न्हाई. आन् पोराला बी हितनं हलवायचं न्हाई. दारामागं का हुईना, देव हायच की."

"आबा," मी म्हटलं, "देव कुठं पळून जात न्हाई. पोरगं चाललंय."

रांडावलेल्या बाईनं मध्ये तोंड घातल्यावर बघतात तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. दौलत म्हणाला, आबा, गाडी जुंपतो. आबा म्हणाले, बस खाली. आणि तो एवढा थोरला पैलवान खाली बसला. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं. या वेळी आबांनी उत्तरही दिलं नाही. ते डोळे मिटून, हात जोडून दाराकडं तोंड करून बसले होते आणि ओठांत भैरोबाचं नाव चाललं होतं.

आनंदाच्या पापण्या जड झाल्या. मग त्याला बोलता येईना, लाळ गळायला लागली. दौलत त्याच्या गालावर चापट्या मारून त्याला जागं ठेवत होता. मी पाला आणला, पण त्याला चावता येईना. गाव गोळा झालं आणि नुसतं बघत राहिलं. मीही त्यातलीच, मला काय वेगळं करता आलं. ऊन मंडपाच्या कट्ट्यावर यायच्या आत आनंदाची मान दौलतीच्या मांडीवर कलली.

आबांनी तेव्हा डोळे उघडले. दौलतीनं त्यांच्याकडं एकदा बघितलं, बराच वेळ. मग मान फिरवून बंद दाराकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गुरवानं मारला माझा भाऊ."

त्यानं आनंदाचं डोकं हळूच खाली ठेवलं आणि तो घराकडं चालू लागला. तो काय आणायला गेला ते मला कळलं. गावालाही कळलं असणार, पण कुणी जागचं हललं नाही.

आमच्याकडे बाई गाभाऱ्याचा उंबरा ओलांडत नाही. मी ओलांडला. आत शिरून दार लावून घेतलं आणि अडसर टाकला.

आत समई जळत होती आणि तेलाच्या वासानं डोकं गरगरत होतं. मी देवाला बघितलं, आता काय लपवू. धुण्याच्या दगडाएवढा काळा गुळगुळीत गोटा, खालून कमरेपर्यंत शेंदरी, वर उघडा. डोळे जातात का म्हणून मी घटकाभर वाट बघितली. गेले नाहीत. म्हसू शेंदराच्या पातेल्यात हात घालून बसला होता. बाहेरचं सगळं त्यानं ऐकलेलं होतं. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण तोंड मिटलेलं होतं.

मी त्याला म्हटलं, पळ. मागच्या ओढ्यानं उतर, तालुक्याच्या चौकीत जाऊन बस. त्यानं मान आडवी हलवली आणि देवाकडं बोट केलं.

"आरं त्यो दगूड हाय, म्हसू. तू जिता हायस."

मी देवावर थुंकले असते तर त्यानं जसं बघितलं असतं, तसं त्यानं माझ्याकडं बघितलं. मग पुन्हा शेंदरात हात बुडवला आणि देवाच्या अंगावर फिरवायला लागला. मला वाटलं, उचलून एक ठेवून द्यावी. उघडा देव टाकून गुरव हलत नाही, एवढंच आमच्या वडिलांनी त्याला शिकवलं होतं. बाकी त्यांचं काही ऐकलं नाही, तेवढं नेमकं ऐकलं.

दारावर पहिला घाव पडला तेव्हा समईची ज्योत हलली. सागवानी दार, पण जुनं. चौथ्या-पाचव्या घावाला फळी फुटली आणि बाहेरून उजेडाची पट्टी आत आली. त्याबरोबर मंडपातल्या सगळ्यांनी पाठी फिरवल्या. फटीतून मला दिसलं, सगळं गाव देवळाकडं पाठ करून उभं होतं, बायामाणसांनी पदर डोळ्यांवर ओढलेले. दौलत तेवढा दाराकडं तोंड करून डोक्याचा पटका सोडत होता.

"दौलत, आत जाऊ नगंस," आबांचा आवाज आला. "देव उघडा हाय."

आत म्हसू आहे, असं ते म्हणाले नाहीत.

दौलतीनं पटका डोळ्यांवरून दोन वेढे घेऊन मागं गाठ मारली. अडसर लाथेनं मोडला आणि तो आत आला.

आमचा गाभारा म्हणजे चार माणसं बसली तर गुडघ्याला गुडघा लागेल एवढा. दौलतीनं डावा हात पुढं धरून उजव्या हातानं छातीच्या उंचीवर कुऱ्हाड फिरवली. ती भिंतीवर बसली आणि दगडाचा टवका उडून माझ्या कपाळाला लागला. त्यानं पुन्हा फिरवली. मी खाली बसले, डोक्यावरून वारा गेला. म्हसू देवापुढं आडवा झाला, दोन्ही हात पसरून. ओरडला नाही, बाजूला झाला नाही. देवाला राखत होता येडा. मी शेंदराचं पातेलं उचललं आणि दौलतीच्या छातीवर फेकलं. तेल जमिनीवर सांडलं, त्याचा पाय घसरला, पण त्याला माझी जागा कळली. पुढचा घाव माझ्या डाव्या खांद्यावर आला.

हाड मोडल्याचा आवाज आधी ऐकू आला, दुखलं मागून. मी भिंतीकडं तोंड करून पडले, जिथून देवाच्या अंघोळीचं पाणी गोमुखातून बाहेर जातं त्या पन्हळीत तोंड. दौलत माझ्या पाठीवर पाय देऊन पुढं गेला. म्हसूचा गळा त्याच्या हाती लागला असावा. घुसमटल्याचा आवाज यायला लागला. मी उठायला गेले, हात उचलेना. मी दौलतीच्या पोटरीला दातांनी धरलं. त्यानं लाथ मारली आणि माझं तोंड पुन्हा पन्हळीत गेलं.

तेव्हा दारातून आबांचा आवाज आला, अगदी जवळून. ते आत आले होते.

"दौलत. सोड त्येला."

घुसमटल्याचा आवाज थांबला. मग घाव पडला, ओलं लाकूड फुटावं तसा, आणि त्यावर दुसरा. कुणीतरी जड माणूस खाली कोसळलं. माझ्या तोंडाजवळून ऊन ऊन रक्त वाहायला लागलं आणि शेंदूर-तेलात मिसळून पन्हळीतून बाहेर चाललं. कुणाचं ते मला कळेना. मला वाटलं, म्हसू गेला. मी तशीच पडून भैरोबाला शिव्या दिल्या. बाईच्या तोंडी शोभत नाहीत, त्याही दिल्या.

देवळामागं गोमुखापाशी बायका उभ्या होत्या. त्यांना ते लाल पाणी दिसलं. जास्तीचा शेंदूर देव बाहेर टाकतोय असं त्यांना वाटलं. एकीनं त्यात बोट बुडवून कपाळाला लावलं, हे मला पुढं तिनंच रडत सांगितलं.

दौलत तसाच, डोळ्यांवर पटका घेऊन बाहेर गेला आणि ओरडला, "मारला! गुरव मारला!"

आणि त्याच्या मागून म्हसू बाहेर आला. गळ्यावर बोटांचे काळे वळ, आणि दोन्ही हातांवर हैबती आबा. आबांचं डोकं दोन जागी फुटलेलं होतं. म्हसूनं त्यांना आनंदाच्या शेजारी ठेवलं. दौलतीनं पटका सोडला, बापाकडं बघितलं आणि गुडघ्यांवर बसला. "मला वाटलं गुरव हाय," एवढंच तो पुनःपुन्हा म्हणत राहिला. पोलीस येईपर्यंत तेच म्हणत होता. म्हसू त्याच्याशी बोलला नाही, कुणाशीच बोलला नाही. माझा खांदा बांधून मला गाडीत घातलं आणि तो ओढ्यावर अंघोळ करून पुन्हा गाभाऱ्यात गेला. गाभारा धुतला, देव धुतला, पहिल्यापासून शेंदूर लावायला बसला. डोळे बसवून बाहेर आल्यावरच तो दवाखान्यात मला भेटायला आला.

कोर्टात म्हसूनं सांगितलं की दौलतीचे डोळे बांधलेले होते, आत कोण आलं ते त्याला कळलं नाही. मीही तेच सांगितलं, कारण मला तेच ठाऊक होतं. गावानं तर पाठ फिरवलेली, त्यांनी काय सांगायचं. भावाच्या दुःखानं डोकं फिरलेल्या माणसानं आंधळेपणी बापाला मारलं, असं ठरलं. फाशी टळली, जन्मठेप झाली.

खरं सांगायचं तर कोर्टाच्या आधीपासूनच मला म्हसूचाच जास्त राग येत होता. आबांच्या तेराव्याला तो सगुणाकाकूंकडं गेला. ही आबांची बायको, एका दिवसात नवरा आणि धाकटा मुलगा गेलेली, आणि थोरला बेड्यांत. म्हसूनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "आबांनी माझा घाव घेतला, काकू." आणि दुसऱ्या दिवसापासून तो त्यांच्या शेतात राबायला लागला. पहाटे देवाची पूजा, मग काकूंचा नांगर. त्याचं लग्न ठरलेलं होतं, तेही त्यानं मोडलं. माझ्या नावावर कुणाचं तरी मरण आहे, त्यात पोरीला कशाला ओढू, म्हणाला. मी त्याला सुखानं जेवू दिलं नाही. आबा तुला वाचवायला आत शिरले नव्हते, देव बाटू नये म्हणून शिरले होते, असं मी त्याला कितीदा सुनावलं. तो भाकरी मोडायचा आणि मान खाली घालायचा.

दर वर्षी दिवाळीनंतर तो काकूंना एसटीनं तुरुंगाच्या भेटीला घेऊन जायचा. काकू बाजरीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी असं बांधून घ्यायच्या. माझ्या लेकानं आंधळेपणी केलं, त्याला काय ठावं, असं वाटेत भेटेल त्याला सांगायच्या. तेवढ्यावर ती बाई जगली. दौलत सुटून आला तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. दौलतीनं त्यांचं सगळं केलं, न्हाऊमाखू घातलं, घास भरवले. लेकाच्या मांडीवर डोकं ठेवून त्या गेल्या.

तेरावा झाल्यावर दौलत आमच्या ओट्यावर येऊन बसला. केस पांढरे झालेले. चहा दिला तो तसाच निवला.

"आक्का, म्हसू अजून माझ्या शेतात राबतोय," तो म्हणाला. "त्येला म्हणावं, नगं. त्यो घाव त्येचा न्हवता."

मी म्हटलं, म्हणजे काय?

"आबांनी हाक मारली तवा मी पटका वर सारला. समई हुती. म्हसू दिसला, देव दिसला. आबा दारात हुतं. डोळं गच्च मिटून." त्यानं निवलेला कप बाजूला सारला. "सकाळी आनंदा जात हुता तवा बी असंच मिटून बसलं हुतं. मग मी म्हसूला सोडला आन् घाव घातला. दुसरा बी. आन् पटका खाली वढला."

माझा खांदा ठणकायला लागला. हा हात तेव्हापासून खांद्याच्या वर जात नाही.

"डोळं गेलं असतं तर बरं झालं असतं," दौलत म्हणाला. "गेलं न्हाईत."

तो गेल्यावर मी चुलीवरचं तसंच टाकून देवळात गेले. म्हसू मंडपात बसून शेंदूर चाळत होता. माझ्या डोक्यात एकच होतं. याचं आख्खं आयुष्य एका खोट्यापायी वाया गेलं. लग्न नाही, पोरबाळ नाही, दुसऱ्याच्या बांधावर कंबर मोडली. मी त्याला सगळं सांगितलं, रडत सांगितलं, दौलतीला शिव्या घालत सांगितलं. त्यानं चाळण बाजूला ठेवली.

"मला ठावं हाय, आक्का."

"कवापासनं?"

"तवापासनं. मी समोरच हुतो की. त्येचा हात माझ्या गळ्यावर हुता."

मी खालीच बसले. उघड्या देवापुढं मरायला तयार झालेला, पण तोंडातून शब्द न काढलेला हा माणूस कोर्टात भैरोबाची आण घेऊन खोटं बोलला होता. मग काकूंच्या पाया पडून पुन्हा खोटं बोलला होता आणि ते खोटं खरं वाटावं म्हणून एवढी वर्षं नांगर धरत होता. मी विचारलं, का रे असं केलंस.

"काकूकडं दौलत तेवढाच उरला हुता. त्यो तरी ऱ्हाऊ दे म्हटलं."

"आन् मला? मला तरी सांगायचं हुतंस. मी एवढी बोलले तुला."

म्हसू हसला. फार दिवसांनी मी त्याला हसताना बघत होते.

"तुला सांगितलं असतं तर तू गप बसली असतीस?"

नसते बसले. त्याच संध्याकाळी काकूंच्या दारात जाऊन उभी राहिले असते. आणि मग ती बाई भाकऱ्या बांधून तुरुंगाच्या दारात कधीच गेली नसती.